हिंगाच्या वाटीतला स्क्रू

नेमबाजांच्या कंपूत बसलात की तुम्हाला वाटेल, आता नेमाच्या गोष्टी ऐकायला मिळणार. छे! कोणी दहापैकी दहा मारले, हे पुढच्या रविवारी कुणाला आठवतही नाही. पण कोणाची स्प्रिंग उडाली, कोण रायफल उघडून बसला आणि मग ती मिटेचना, हे मात्र वर्षानुवर्षं कोणी विसरत नाही. रायफल साफ करताना तेलकट चिंध्यांचा ढीग पडतो ना, तसे हे किस्से साठत जातात. चिंध्या निदान टाकून तरी देता येतात.

आम्ही तिघं. मी दामले, जन्म इथलाच, कोलकात्याचा, आणि नोकरी गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात. कर्नल निंबाळकर मूळ साताऱ्याचे. शेवटचं पोस्टिंग फोर्ट विल्यमला झालं, मुलीनं बंगाली नवरा केला, म्हणून इथेच राहिले. तिसरे घोषदा, डमडमचे दातांचे डॉक्टर. दर रविवारी सकाळी रेंजवर पॉइंट टू टू रायफल चालवायची आणि दुपारी आपापल्या घरी ती उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा जोडायची. चालवणं सोपं. उघडणं त्याहून सोपं. जोडणं? राम राम राम!

बरोबर चार वाजता कर्नलचा फोन यायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही. एकच प्रश्न.

"दामले, उरलं का काही?"

म्हणजे रायफल जोडून झाल्यावर टेबलावर एखादा भाग शिल्लक राहिला का? राहायचाच. माझ्याकडे तर हमखास.

यंदा मात्र माझी अख्खी रायफलच उरली होती. आठ महिने सुटी होऊन कपाटात कुलपात पडली होती, आणि लायसन्स रिन्यू करायला ती जोडून ठाण्यात दाखवायची वेळ आली. जोडता आली नाही तर जमा करायची. रायफल गेली की रेंज गेली, रेंज गेली की रविवार गेला. बाकीचे सहा वार तर माझे आधीच गेलेले आहेत. पण ते मागाहून सांगतो, आधी कर्नलचं ऐका.

*

कर्नलला एक खोड. "आम्ही फौजेत डोळे बांधून रायफल जोडायचो," हे वाक्य ते चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा म्हणत. एका रविवारी आमच्याच डायनिंग टेबलावर पैज लागली. माझ्या बायकोनं, वसुधानं, आपली ओढणी आणून त्यांच्या डोळ्यांवर स्वतः बांधली. नीट दोन गाठी मारल्या.

आणि काय सांगू, माणसानं खटाखट जोडली! मधे एकदाही थांबले नाहीत. ओढणी सोडली आणि आमच्याकडे असं बघितलं की आता पदकच द्यायचं बाकी. मग बोल्ट ओढायला गेले तर बोल्ट हलेना. पुढे नाही, मागे नाही. घोषदांनी ओढून पाहिला, मी ओढून पाहिला.

कर्नल लाल झाले. म्हणाले, "वहिनी, फौजेतली रायफल वेगळी असते."

वसुधा म्हणाली, "असेल. मग आता एकदा डोळे उघडून जोडून बघा!"

त्यांनी डोळे उघडून जोडली. तरीही हलेना.

*

घोषदांची गोष्ट डमडमच्या फ्लॅटमधली. दुपारची वेळ, स्वयंपाकघराच्या दारातच टेबल मांडलेलं. दातांचा डॉक्टर, हात सराईत, पण स्प्रिंगला काय त्याचं! सुटली ती टुण्णकन उडाली आणि गडप झाली. सोफा हलवला, गाद्या उचलल्या, फ्रिज ओढला. घोषदांनी दाताच्या आरशानं कपाटाखाली पाहिलं. स्प्रिंग नाहीच.

त्यांची आई पंच्याऐंशीची. जेवायला बसली, भात, माशाचा झोल, सगळं शांतपणे चाललेलं. घास चावता चावता थांबली, तोंडातून काहीतरी काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "खोका, एटा कोन माछेर काँटा?" हा कुठल्या माशाचा काटा, बाळा?

म्हातारीनं काटा उलटसुलट करून पाहिला. इलिशचे सगळे काटे तिला तोंडपाठ, आणि हा काही त्यातला नव्हता. शेवटी तिनं निकाल दिला, "बाजारात फसवलंय तुला. हा इलिश नाही."

घोषदा आजही सांगतात, एवढी लख्ख धुतलेली स्प्रिंग आपल्याला आयुष्यात पुन्हा बसवायला मिळाली नाही.

*

आता आमच्या घरची पद्धत. आमच्याकडे भाग हरवत नसत, कारण वसुधानं एक युक्ती काढली होती. स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा, झाकणाला पोचा आलेला, तो तिनं रायफलला बहाल केला. सात वाट्या. पहिला निघेल तो भाग मोहरीच्या वाटीत, दुसरा जिऱ्याच्या, मग हळद, तिखट, मेथी, धने आणि शेवटी हिंग. जोडताना उलट्या क्रमानं यायचं. तिला फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर यातला फरक सांगता आला नसता. पण मी अडलो की ती कणीक मळता मळता म्हणायची, "अहो, मेथी राहिली तुमची. मेथीशिवाय तिखट कसं बसेल?" आणि खरोखर मेथी राहिलेली असायची!

पहिल्या वेळी डबा नीट धुतला गेला नव्हता. रेंजवर घोषदा माझ्याशेजारी झोपून नेम धरत होते, ते एकदम उठून बसले. हवेत नाक वर करून म्हणाले, "आरे दामलेदा, तुमच्या रायफलला पाचफोडणचा वास येतोय!"

दोन महिने रेंजवर माझं नाव फोडणी होतं.

*

एवढं सगळं असूनही माझा एक स्क्रू उरायचाच. दर रविवारी! बाकी सगळ्या वाट्या रिकाम्या, रायफल तयार, आणि हिंगाच्या वाटीत एक बारकासा काळा स्क्रू. कुठला, कुठे लागतो, मला कधी कळलं नाही. मी पुन्हा उघडायचो, पुन्हा जोडायचो. चिडायचो, रायफलला शिव्या द्यायचो, रायफल बनवणाऱ्याच्या बापाचा उद्धार करायचो. शेवटी हाक मारायची, "अगं, ये गं जरा!"

ती यायची, शेजारी खुर्ची ओढून बसायची. मग तास-दीड तास आमचं शोधकार्य. त्यात सांगलीच्या मावशीपासून समोरच्या सेनबाबूंच्या कुत्र्यापर्यंत सगळं बोलून व्हायचं. अंधारून यायच्या आत ती म्हणायची, "आणा इकडे. तुम्ही चहा टाका." मी चहा करून येईपर्यंत स्क्रू गायब, रायफल झकास.

"कुठे बसवलास?"

"जिथे बसतो तिथे."

एवढंच सांगायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! चाळीस वर्षं बंदूक चालवणारा मी आणि स्क्रू बसवणार ही.

रायफल घरी उघडायला लागलो, त्याआधीचे रविवार वेगळे होते. त्याआधी मी रेंजवरून परस्पर कर्नलकडे जायचो. पत्ते, गप्पा, दिवेलागणीला घरी. रायफल त्यांच्याकडेच, एकमेकांच्या मदतीनं साफ व्हायची. वसुधा सांगलीहून लग्न होऊन आली ती थेट इथे. बंगाली तिच्या जिभेवर कधी बसली नाही. अमेय शिकायला टोरांटोला गेला त्या वर्षी एकदा म्हणाली होती, "आठवडाभर तुम्ही ऑफिसात, रविवारी रेंजवर. मी मराठी बोलायचं कोणाशी? कुकरशी?" मी हसलो होतो. कर्नलला सांगितलं, तेही हसले. पण पुढच्या रविवारपासून रायफल घरी साफ करायला लागलो, ते मात्र खरं. टेबलावर तो डबा आणि वर्तमानपत्र तिनं आधीच मांडून ठेवलं होतं.

*

आठ महिन्यांपूर्वीचा रविवार. रायफल उघडून झाली होती, भाग वाट्यांत होते. वसुधा म्हणाली, छातीत कसंसंच होतंय. टॅक्सी केली. ती परत आली नाही.

डबा मी आलो तेव्हा टेबलावर तसाच होता. तो आणि रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी चारला फोन वाजला. कर्नलच. सवयीनं म्हणून गेले, "दामले, उरलं का का..." आणि थांबले. बराच वेळ दोघंही फोन कानाला धरून बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, "जेवलात का?" तेव्हापासून ते दर रविवारी तेवढंच विचारतात.

*

लायसन्सचं पत्र आलं तेव्हा अमेय व्हिडिओवर म्हणाला, "बाबा, तो रायफल सरेंडर करून टाका ना. कोण वापरणार आहे?" तो रायफल! त्याची आई असती तर आधी त्याचं मराठी धुवून काढलं असतं.

मग मदतीला कर्नल आणि घोषदा आले. तीन म्हातारे, एक डबा. घोषदा दाताची हत्यारं घेऊन आले होते, कर्नल नुसताच अनुभव. मी म्हटलं हिंगापासून सुरुवात, कर्नल म्हणाले मोहरीपासून. घोषदा म्हणाले, मोहरी की राई ते आधी ठरवा. भांडलो, घाम गाळला, चहा केला तर साखरेऐवजी मीठ पडलं, आणि तोही तिघांनी मुकाट्यानं प्यायला. कोणाच्या तरी पुण्याईनं रायफल जोडली गेली. बोल्टसुद्धा हलला! कर्नलनी तर टाळी वाजवली.

हिंगाच्या वाटीत एक स्क्रू होता.

तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. घोषदा हळूच म्हणाले, "वसुधाबौदी असत्या तर..." कर्नल उठून गॅलरीत गेले. मी त्यांना सांगून टाकलं, की आता पुरे, जमा करतो. अपुरी रायफल घेऊन ठाण्यात काय जाऊ?

*

जमा करायच्या आधी एकदा युसुफ मिस्त्रीला दाखवावी म्हटलं. धरमतल्ल्याकडचा म्हातारा कारागीर, बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेला त्याचा. त्यानं रायफल उघडली, मोजली, पुन्हा जोडली. सगळं मिळून दहा मिनिटं.

"पूरी है, बाबू."

मी खिशातून स्क्रू काढून त्याच्यापुढे ठेवला. "मग हा?"

त्यानं चष्मा वर केला, स्क्रू नखावर घेतला. "ये राइफल का नहीं है. ये तो सिलाई मशीन का है."

मी म्हटलं, शक्यच नाही. अकरा वर्षं हा स्क्रू दर रविवारी माझ्या रायफलमधून निघतोय!

युसुफ मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मग स्क्रू माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "ग्यारह साल? तब तो बाबू, मशीनवाले से पूछिए."

घरी आलो. वसुधाचं शिवणयंत्र खिडकीशी, तिनंच विणलेल्या झाकणाखाली. झाकण काढलं. बाजूच्या पट्टीला दोन भोकं, एकात स्क्रू, दुसरं रिकामं. त्याच्या कडा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. स्क्रू लावला तर तो दोन बोटांनीच आत गेला, इतका सवयीचा. मी तिच्या खुर्चीवर बसून राहिलो. रडलो, लपवायचं कशाला?

मंगळवारी ठाण्यात गेलो. साहेबांनी रायफल पाहिली, नंबर ताडला, शिक्का मारला.

काल रविवार होता. रेंजवर गेलो, कर्नल आणि घोषदा होते. घरी येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, डबा काढला. शिवणयंत्राचा तो स्क्रू फिरवून काढला आणि हिंगाच्या वाटीत ठेवला. मग रायफल उघडली. शेजारची खुर्ची ओढून घेतली.

चारला फोन वाजला. "जेवलात का?" कर्नलनी विचारलं.

"ते सोडा हो," मी म्हटलं. "नेहमीचं विचारा."

मग त्यांनी घसा खाकरला.

"दामले, उरलं का काही?"

"हो, एक स्क्रू उरलाय. बसलोय शोधत. वेळ लागेल."