आई घोटा प्यायली तो दिवस
ओल्या भांगेचा हिरवट वास आला की औंढ्याची ती महाशिवरात्र आठवते. भांग, बडीशेप, खसखस तासभर घोटून दुधात कालवत, म्हणून त्याला आमच्याकडे 'घोटा' म्हणत. निजामाविरुद्धच्या चळवळीत गेलेल्या माझ्या थोरल्या भावाचा सहा महिने पत्ता नव्हता. उपासाच्या दिवशी साधी थंडाई समजून आई घोटा प्यायली. दुपारी ओसरीवर माझा हात धरून म्हणाली, "कवा आलास रे? जेवलास का?" तिला मी भाऊ वाटले होते. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "आत्ताच आलो, आई. जेवलो," मी म्हणाले. ती हसत झोपी गेली. भाऊ परत आलाच नाही. पुढच्या शिवरात्रीला आईनं मला हळूच विचारलं, "घोटा उरलाय का गं?" उरला होता, तरी मी "न्हाई" म्हणाले. तेव्हा ते बराबर वाटलं होतं. आता वाटत नाही.