आम्ही देवी डॉक्टर

आमच्या रजिस्टरला रकाने दोनच: 'टोचले' आणि 'नाही'. घरात बाकी जे घडायचं ते लिहायला जागाच नव्हती! मग ते आमच्या डोक्यात साचत गेलं. आता आम्ही पेन्शनवाली मंडळी नाशिकला भेटलो, की चहाचा दुसरा कप येईपर्यंत एखादा किस्सा निघालेला असतोच.

लोक आम्हाला 'देवी डॉक्टर' म्हणत. डॉक्टर कसले, देवीची लस टोचणारे साधे कर्मचारी! देवी आल्यावर औषध नव्हतंच, आधी टोचून ठेवणं हाच इलाज. सत्तरच्या दशकात खांद्याला पिशवी, हातात दोन टोकांची सुई, आणि पुढ्यात त्र्यंबकेश्वर ते हरसूलपर्यंतचे पाडे. खैरनार साहेब आमचे सुपरवायझर आणि गांगुर्डे माझा जोडीदार.

गांगुर्डेला लहानपणी देवी आल्या होत्या. चेहराभर वण. धाकटी बहीण त्याच साथीत गेली. तो याबद्दल एकदाच बोलला, "माझ्यानंतर असा चेहरा कोणाचा व्हायला नको. बास!" नोकरी त्याने त्यासाठीच धरली होती.

०

आम्ही दिसलो की पाडा रिकामा! एकदा एका घराला बाहेरून भलंमोठं कुलूप. गांगुर्डे मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "चला, इथे कोणी नाही."

आतून पोराचा आवाज आला, "आये, गेला का गं?"

गांगुर्डेने बाहेरूनच उत्तर दिलं, "हो, गेला!"

मग आत कोणीतरी फिस्कन हसलं आणि मागच्या दाराने अख्खं घर बाहेर आलं. सगळ्यांना टोचलं. कुलूप शेजारणीने लावलं होतं, म्हणून तिलाही सोडलं नाही!

०

त्र्यंबकला एक रिटायर्ड गुरुजी होते. मोठ्या माणसाला त्या सुईने पंधरा वेळा टोचायचं, हा नियम त्यांनी कुठूनतरी ऐकला होता. दंड पुढे करून मोठ्याने मोजायला लागले. मी थांबलो, तर गुरुजी कडाडले, "चौदाच झाले!"

"गुरुजी, पुरेसे झाले."

"पुरेसे कसे? सरकारने पंधरा दिलेत. माझा पंधरावा टाका!"

टाकला. मागची रांगही मग प्रत्येकाचं मोजायला लागली. पोरंटोरंसुद्धा आकडे ओरडण्यात इतकी गुंतली, की रडायचं राहूनच गेलं!

०

खैरनार साहेबांची एक युक्ती होती. घरात देवी आल्या की फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, ही जुनी रीत. ते म्हणायचे, "आजारी माणूस लपवतील, पण स्वयंपाक कसा लपवतील? जेवणाच्या वेळेला दारावरून जा. फोडणीचा वास नाही आणि दारात कडुलिंब दिसला, की शिरा आत!"

हरसूलजवळ नेमकं असं घर सापडलं. साहेब स्वतः आत शिरले. घोंगड्या उचलून पाहिल्या, एकेकाच्या कपाळाला हात लावला. सगळे ठणठणीत!

"मग फोडणी का नाही दिली?" साहेब वैतागले.

म्हातारी म्हणाली, "सायेब, तेल असंल तर फोडणी! आन् पाला शेळीला आणलाय."

पुढच्या बाजाराला साहेबांनी त्या घरी तेलाची बाटली पोचवली. आम्हाला दम दिला, "कुठे बोलायचं नाही!" मी आज बोलतोय.

०

पुढे शोध सुरू झाला. टोचायचं तर होतंच, शिवाय कुठे एखादा रुग्ण लपून राहिलाय का ते बघायचं. आमच्याकडे देवी आलेल्या मुलाच्या फोटोचं कार्ड असायचं. एका शाळेत मी ते उंच धरलं आणि विचारलं, "असं कोणी पाहिलंय का?"

सगळ्या वर्गाने एकदम बोट दाखवलं, गांगुर्डेकडे!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गांगुर्डे हसून म्हणाला, "बरोबर! आता माझ्यापेक्षा ताजा कोणी असेल तर सांगा."

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "माझा भाऊ हाय. लय फोड आलेत."

गांगुर्डेचं हसू गेलं. तिच्या घरापर्यंत तो जवळजवळ धावतच गेला. कोपऱ्यात पाच-सहा वर्षांचा पोरगा गोधडीत गुरफटून पडलेला. गांगुर्डे त्याच्यासमोर बसला आणि हात पुढे केला. "टाळी दे!"

पोराने दिली. "दुसऱ्या हाताची?" तीही दिली. "आता पायाची!" पोरगं हसलं आणि पाऊल वर केलं.

देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर दाट येतात, तळव्यांवरसुद्धा. याचे तळवे स्वच्छ होते! सदरा वर केला, तर सगळे फोड पोटा-पाठीवर.

"कांजिण्या!" गांगुर्डे ताडकन उठून ओरडला. "मावशी, कांजिण्या आहेत! नुसत्या कांजिण्या!"

पोराची आई भडकली. "माजं पोर तापानं फणफणलंय आन् ह्यो नाचतोय बघा!"

खपल्या तरीही तपासणीला पाठवल्या. रिपोर्टही कांजिण्यांचाच आला.

०

देवी गेल्या. टोचणं बंद झालं आणि आम्हाला मलेरियाच्या कामाला लावलं. ऐंशीच्या दशकात एकदा गांगुर्डेला खोकल्याने हैराण केलं, म्हणून मी त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. डॉक्टर नवीन, नुकताच एमबीबीएस झालेला, चुणचुणीत मुलगा. त्याने छाती तपासली, घसा पाहिला, आणि गांगुर्डेच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "काका, हे कशाने झालं? लहानपणी भाजलं होतं का?"

गांगुर्डे त्याच्याकडे बघतच राहिला. "डॉक्टरसाहेब, खरंच नाही ओळखलंत?"

"नाही हो. मुरुमांचे डाग आहेत का?"

गांगुर्डे उठला आणि औषध न घेताच बाहेर पडला. डॉक्टर बिचारा कानकोंडा झाला. मला म्हणाला, "काका रागावले का हो?" मलाही तसंच वाटलं.

थोड्या वेळाने गांगुर्डे परत आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिला पेढा डॉक्टरच्या हातावर ठेवला. मग नर्सबाई, कंपाउंडर, बाकावर बसलेले पेशंट, सगळ्यांना वाटत सुटला.

"काका, पेढे कशाचे?" डॉक्टरने विचारलं.

गांगुर्डेचे डोळे भरून आले होते. "तुम्ही ओळखलं नाहीत ना, त्याचे!"