समोरचा पाट

परवा रविवारी माझं ताट उलटं निघालं. ताट म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढं, पॉलिमर क्लेचं.

कोपरखैरण्याला, बोनकोडे गावात हिराकाकूंच्या घरी आमचा क्लेचा ग्रुप जमतो. एका रविवाराआड, दुपारी तीन ते सहा. सात-आठ बायका आणि फक्त क्लेसाठी ठेवलेला एक जुना ओटीजी... त्यात कुणी केक भाजायचा नाही, एवढा एकच नियम.

मी ऐरोलीहून जाते. मागच्या वर्षी आई गेली, घरात एकटीच उरले आणि रविवार फार लांबलचक व्हायला लागले. ऑफिसमधल्या एकीने काकूंचा नंबर दिला. खरं सांगायचं तर क्लेची आवड वगैरे नव्हती... पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी, एवढंच.

हा क्ले हवेत वाळत नाही. कितीही दिवस ठेवा, मऊच राहतो. एकदा भाजला की मात्र कायमचा. म्हणजे चूक सुधारायला भरपूर वेळ असतो, आणि नंतर अजिबात नसतो.

या वेळी पंगत करायची ठरली होती, काकूंच्या आळीतल्या हळदीकुंकवाला मांडायला. प्रत्येकीने क्लेच्या एका पट्टीवर एक पाट आणि त्यापुढे एक वाढलेलं ताट करायचं. पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की झाली पंगत.

मला त्या पंगतीत बसायचं होतं. लिहिताना पोरकट वाटतंय... पण होतं.

दोन आठवडे रोज संध्याकाळी ऑफिसमधून आले की थोडं थोडं करत होते. सुईच्या टोकाने भाताची शितं उठवली. पोळीवरचे डाग तपकिरी खडूच्या पुडीने दिले. कुठला फोटो समोर ठेवला नाही... काय कुठे वाढायचं ते हातांना माहीत होतं.

रविवारी सगळ्यांच्या पट्ट्या एकत्र भाजून झाल्या. गार झाल्यावर काकूंनी त्या टेबलावर ओळीने लावायला घेतल्या. माझ्यापाशी आल्यावर श्वेता वाकून बघायला लागली. ती ग्रुपमधली सगळ्यात लहान, बोलायला सगळ्यात पुढे.

"ताई, मीठ पाटाच्या एवढं जवळ? बसणाऱ्याचं बीपी वाढेल ना."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बघितलं.

मीठ ताटात वरच्या कडेला वाढतात, जेवणाऱ्यापासून लांब. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. हे कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या ताटात मीठ पाटाला लागून होतं, चटणी उजव्या हाताला, भाजी डाव्या. आख्खं ताट फिरलेलं... आणि पट्टीवर पक्कं भाजलेलं. सोडवायला गेलं असतं तर तुकडेच हातात आले असते.

कुणी म्हणालं, मागे ठेवू, कोण एवढं बघतंय. कुणी म्हणालं, पुढच्या वेळी दुसरं कर. पण हळदीकुंकू त्याच आठवड्यात होतं. मी म्हटलं, राहू दे, काही बिघडत नाही, आणि पट्टी उचलून डब्यात ठेवायला लागले. ऑफिसमध्येही मी असंच म्हणते.

काकूंनी ती माझ्या हातातून घेतली. टेबलावर ठेवली, वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिथून बघत राहिल्या. मग हळूच विचारलं.

"कोनाला भरवत व्हतीस गो?"

"आईला."



सहा वर्षं. लकव्याने आईची उजवी बाजू गेली होती. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायची. ताट तिच्या बाजूने नीट लागलेलं नसेल तर ती तोंड उघडायची नाही. म्हणजे मीठ माझ्याकडे यायचं, चटणी माझ्या उजव्या हाताला. तिचं झालं की मी ओट्याशी उभ्यानेच जेवून घ्यायची, कढईतूनच. सहा वर्षांत मी ताट फक्त पलीकडून बघितलं होतं... आणि हे मला त्या टेबलापाशी कळलं.

काकूंनी तपकिरी क्लेचा गोळा घेतला आणि मळायला लागल्या. त्यांनी छोटासा पाट केला आणि ताटाच्या पलीकडे, पट्टीला थोडा क्ले जोडून त्यावर, दाबून बसवला. श्वेताने न सांगता त्याच्याभोवती सुईने रांगोळीचे पांढरे ठिपके दिले. पट्टी पुन्हा वीस मिनिटं ओटीजीत गेली.

बाहेर आली तेव्हा काकू म्हणाल्या, "तुझा पाट बरोबर हाय गो. जेवनाऱ्याचा करायचा राहिला व्हता."

मग त्यांनी ती ओळीत ठेवली. तिला जागा व्हावी म्हणून श्वेताने स्वतःची थोडी सरकवून घेतली. दोन पाटांची माझी पट्टी लांब, ओळीत ती एकटीच पुढे आलेली दिसत होती... तशीच राहू दिली.

काकूंचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते. त्या फेसबुकवर नाहीत. कुणीतरी त्यांना वाचून दाखवेलच.

संध्याकाळी घरी आले. वरणभात, बटाट्याची भाजी. कितीतरी दिवसांनी ताट घेतलं, टेबलाशी बसले, वाढलं. सवयीने उलटंच लागलं.

एकदा फिरवून घेतलं. आता मीठ लांब होतं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे... तिथे बघत बघत जेवले.