चाचांच्या पेटीतला रानपिंगळा

दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेल्याशिवाय आमची चूल पेटत नव्हती, त्या काळी उन्हाळ्यातला गारवा म्हणजे कुल्फीवाल्या चाचांची पेटी. झाकण ते बोटभरच उघडायचे. आम्ही पोरं तोंडं पुढे केली की ओरडायचे, "सरका बे! थंडी पळून राह्यली!" थंडी म्हणजे जणू त्यांची बकरी.

मी बी.एस्सी. झाले, घराण्यात पहिली. चाचांच्या लेखी मी डॉक्टरच. भेटले की गुडघा पुढे करायचे.

"चाचा, मी प्राणिशास्त्र शिकली."

"मंग मी काय झाड हाय?"

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मीळ छोटं घुबड आहे, असं मी सांगत होते. कॉलेजातले सर म्हणायचे, "साधा पिंगळा असेल." वैशाखात एक दिवस तो वाटेवर मेलेला सापडला. वनरक्षकानं पंचनामा केला. सर फोनवर म्हणाले, "तज्ज्ञांपर्यंत गार पोचव. सडला तर काहीच सिद्ध होणार नाही." गावात लाइट नव्हती. गार जागा एकच.

"पोरी, हे अपशकुनी पाखरू पेटीत? गाव माही कुल्फी खाईन का?"

"नाही ठेवलं तर मले खोटीच म्हनतीन, चाचा."

त्यांनी दाढी खाजवली. "माह्या डॉक्टरले खोटी कोन म्हनते?"

पाखरू गुंडाळून डब्यात घातलं, कुल्फीसारखीच झाकणाला कणीक लिंपली आणि डबा मीठ घातलेल्या बर्फात पुरला. वनरक्षकासोबत आम्ही एसटीत बसलो. कुणी कुल्फी मागितली की चाचा रुबाबात म्हणत, "आज माल सरकारी हाय."

शहरातल्या तज्ज्ञ बाईंनी हातमोजे चढवले, कणीक खरवडली, झाकण काढलं. आत मलई कुल्फी! मला घामच फुटला. चाचा थंड.

"ते तुमची, मॅडम. पहिल्यांदा कोनाच्या दारी रिकाम्या हातानं जावं का? पाखरू दुसऱ्या डब्यात हाय."

बाई हसल्या, पण आधी पाखरूच काढलं. पंख मोजले, डोकं उजेडात धरलं. "साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात. याच्या नाहीत. रानपिंगळाच." कुल्फी मग आम्ही सगळ्यांनी खाल्ली, वनरक्षकानं सगळ्यात जास्त.

गावानं मात्र तो अख्खा उन्हाळा चाचांच्या कुल्फीला हात लावला नाही. लावणार कसा? पेटीत काय नेलं होतं, ते चाचांनीच चौकाचौकात छाती काढून सांगितलं होतं.

चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. तो पक्षी शहरात त्या बाईंकडे कापूस भरून नीट जतन केलेला आहे. आमच्या रानात रानपिंगळा आहे, हे आता सरही वर्गात शिकवतात.