तोंडाशी आडवा तळहात

दिनांक: डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपारी सव्वातीन. स्थळ: आमची बैठक, राळेगाव. हजर: मी, आमचे हे, सासूबाई, मुलगी प्रज्ञा, पाहुण्यांत महागावचा सुमेध आणि त्याचे आईवडील. गैरहजर: माझी अक्कल.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला बसले आहे. नाटकाच्या पेपरसाठी मी एकोणीस संज्ञांची यादी केली. नांदी झाली, नेपथ्य झालं. अडलं ते स्वगतापाशी. पात्र मनातलं मोठ्यानं बोलतं आणि शेजारी उभ्या असलेल्यांना ऐकू येत नाही! असं कसं? (प्रात्यक्षिकाशिवाय मला स्वयंपाकही आला नव्हता.) म्हणून घरात नियम केला: तोंडाशी आडवा तळहात धरला की स्वगत. बाकीच्यांनी ऐकायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, नंतर विषय काढायचा नाही.

काय ते दिवस! थंडीतलं कोवळं ऊन दारातून आत यायचं, रस्त्यावरच्या गाड्यांमधून उडालेले कापसाचे पुंजके त्यात तरंगत राहायचे, आणि घरातला एकेक जण हळूच मनातलं बोलायचा. "मले माह्या बहिणीची लय याद येऊन राह्यली," सासूबाई म्हणायच्या. "या नोकरीत मन नाही लागत," असं हे. कोणी काही ऐकलं नाही, पण सगळे जरा हलके झाले. मला तर कुठूनतरी टाळ्याही ऐकू यायच्या.

प्रज्ञानं सुमेधला एका लग्नात पाहिलं होतं. तेव्हापासून ती चहात दोनदा साखर टाकत होती. हे स्थळ जमावं, एवढंच तिचं मागणं. "आई, आज ते नाटक नको हं!" तिनं सकाळीच बजावलं. मी लगेच लिहून ठेवलं: सासूबाईंना सांगणे. (लिहून झालं. सांगणं राहिलं.)

पाहुणे आले, जयभीम झाला, पोहे झाले. सुमेध खाली मान घालून गप्प. सासूबाईंनी तळहात आडवा धरला.

"पोट्टं दिसाले बरं हाय. पन मुकं हाय का काय?"

कोणत्याही शहाण्या घरानं माफी मागितली असती. आमचे हे कॅलेंडर वाचू लागले. प्रज्ञानं सवयीनं छताकडे पाहिलं. मी हसून विचारलं, "चहा देऊ का अजून?"

सुमेधची आई थक्क! "आवो, आजी काय म्हून राह्यल्या, ऐकलं नाही का तुमी?"

"कोण? आई? आई कुठी काही बोलली!" आमचे हे निरागसपणे म्हणाले.

सुमेधच्या वडिलांनी कप ठेवला. "चाला, उठा."

प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. मी धावत जाऊन यादी आणली आणि स्वगताची व्याख्या, लक्षणं, उपयोग, सगळं उभ्यानं सांगितलं. (परीक्षेत एवढं लिहिलं तर पहिला वर्ग!)

मग सुमेधच्या आईचा तळहात सावकाश वर गेला. "बाई येडी हाय. पन पोरगी गोड हाय."

आम्ही छताकडे पाहिलं.

वडिलांचा तळहात: "पोह्यात मीठच नाही."

मी ऐकलं नाही. मीठ आणलं नाही.

आणि मग सुमेधनं तळहात धरला. कान लालबुंद. "मले प्रज्ञाच पायजे."

एक पुंजका उन्हातून तरंगत आला आणि प्रज्ञाच्या ओढणीवर टेकला. तिनं तो झटकला नाही. आणि नियमाप्रमाणे बाकीच्या सहाही जणांना काहीही ऐकू आलं नाही.

"कळवा," ते म्हणाले. "तुम्हीच कळवा," आम्ही म्हणालो.

पंधरा दिवस झाले. महागावचे म्हणतात, आमचा पोरगा तर बोलला, आता तुम्ही कळवा. सासूबाई म्हणतात, ऐकलं असं कबूल करायचं नाही, नियम म्हणजे नियम. प्रज्ञा माझ्याशी बोलत नाही. शेवटी काल मीच धीर करून महागावला व्हिडिओ कॉल लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: आमचा होकार, साखरपुडा, जेवण. पलीकडे तिघंही शांतपणे छताकडे बघत होते.

माझा तळहात तोंडाशी होता.

महागावला पुन्हा फोन करणे आहे.