सकाळी काय खाल्लं?

केदारखेड्याच्या आमच्या रानात विहीर खोदायला घेतली, ते साल धास्तीचं होतं. निजामाचं राज्य डुगडुगत होतं, हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. आमच्या गावातली तरणी माणसं रात्रभर गस्त घालत आणि दिवसा रानात राबत. काम काही सुटत नव्हतं.

विहिरीला काळा पाषाण लागला होता. मी खाली उतरून सुरुंगाची वात पेटवायची आणि दोराला हिसका द्यायचा. वर थोरल्या भावानं बैल हाकून मला ओढून घ्यायचं. यात वडलांची एक शिस्त होती. बैलांपाशी असणारा माणूस झोपून आलेला हवा. त्यानं पाय धुऊन घटकाभर गप बसायचं, मग उतरणाऱ्यानं विचारायचं, सकाळी काय खाल्लं? उत्तर अडखळलं की त्या दिवशी विहीर बंद. वडील गेल्यावरही आम्ही हे सोडलं नाही. मला तर त्याचा भारी अभिमान होता.

त्या दिवशी भाऊ गस्तीवरून घरी येऊन, दोन घास खाऊन तसाच रानात आला. डोळे तांबारलेले. पाय धुऊन बसला.

“दादा, सकाळी काय खाल्लं?”

“भाकर आन् ठेचा.”

“झोप?”

“कुठली झोप? उतर जल्दी. उद्या कोण राह्यलं, कोण न्हाई.”

ते बोलणं मला आवडलं नाही. पण खाण्याचं उत्तर अडखळलं नव्हतं, म्हणून उतरलो.

वात पेटवली आणि तेव्हा डोक्यात आलं, त्या टंचाईत आमच्या घरी रोज भाकर आणि ठेचाच असे. हे उत्तर तो झोपेतही देऊ शकला असता. दोराला हिसका दिला. काही नाही. पुन्हा दिला. ओरडलो, तर आवाज दगडांतच घुमला. वात फुरफुरत सरकत होती. मग एकदाचा दोर ताणला गेला.

वर येऊन विहिरीच्या तोंडावरच्या आडव्या लाकडाला मिठी मारली, काठावर पाय टाकला. बैल आपल्या सवयीनं चालले होते. भाऊ मातीच्या ढिगावर मान टाकून गाढ झोपला होता. मी त्याच्याकडे धावलो, पण त्याला हलवायच्या आत सुरुंग उडाला.

तो दचकून उठला, मला न बघता माझ्या बाजूनंच विहिरीकडे पळाला आणि काठावर ओणवा होऊन धुरात हाका मारू लागला, “बारक्या, ए बारक्या.” मी त्याच्या पाठीमागंच उभा होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वळून दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं आणि हळूच विचारलं, “सकाळी काय खाल्लं रे?”

मला आठवेना.