साडूच्या उशाचा पाट

माझा साडू झोपतो. रोह्याला आपल्या ओटीवर, दुपारचं जेवण झालं की पाट उशाला घेतो, आडवा होतो आणि लगेच घोरायला लागतो. ते बघून माझं पित्त खवळतं. दुसऱ्याच्या घराचा, पोराच्या नोकरीचा मला कधी हेवा वाटला नाही. मी मिठागरावर जन्म काढला, शाळा चौथीपर्यंत, मला काय करायचंय त्याचं? पण झोपेचा वाटतो.

बायको गेल्यापासून मला झोप नाही. दिवे लागले की छातीत धडधडायला लागतं. कुणीतरी यायचंय आणि येत नाही, तसं. ती होती तेव्हा रोज संध्याकाळी सहाणेवर दुधात जायफळ उगाळायची. तान्ह्या पोराची गुटी उगाळतात ना, तसे थोडेच वळसे. वाटी माझ्यापुढे ठेवायची. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या ब्राह्मीचं तेल काढायची, ते माझ्या टाळूवर थापायची. आमच्या पेणच्या आळीत सगळे म्हणायचे, बाईच्या हाताला गुण हाय. परीक्षेला घाबरलेल्या पोरींपासून बाळंतिणींपर्यंत सगळ्या तिच्याकडे यायच्या.

हा हाताचा गुण आमच्यात वाया जाऊ देत नाहीत. ज्याच्याकडे असतो त्यानं औषध दुसऱ्याच्या हातात ठेवून, आता तू दे, असं म्हणायचं. मग तो गुण त्या हातात जातो. बायको शेवटच्या आजारात असताना तिची बहीण रोह्याहून भेटायला आली. बायकोनं सहाण मागवली, जायफळ मागवलं, ते बहिणीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, आता तू दे. मी तिथंच खाटेशी बसलेलो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जायला टेकलेलं माणूस, मी काय बोलणार? पण ते डोक्यात रुतून बसलं. संसार केला माझ्याबरोबर, उशापायथ्याला मी, आणि गुण गेला रोह्याला. साडूच्या वाटीत.

ती गेल्यावर मी देवाच्या सहाणेवर, जिच्यावर चंदन उगाळतो तिच्यावरच, जायफळ उगाळायला लागलो. झोप येईना म्हणून वळसे वाढवत गेलो. एक दिवस अर्धं जायफळ झिजवून प्यालो. दुसरा दिवस गरगरण्यात आणि ओकण्यात गेला. सुनेनं जायफळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, पोरांपासून ठेवतात तसा. त्यावर मी ठरवलं, रोह्याला जायचं आणि आपलं आपण परत आणायचं.

गाडीत बसल्यापासून काय बोलायचं ते जुळवत होतो. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन येईपर्यंत तोंडपाठ झालं. रोह्याला पोचलो तर साडू ओटीवर घोरतोय. ते ऐकून जुळवलेलं सगळं विसरलो. मेव्हणी पाणी घेऊन आली, तिला सरळ म्हटलं, "सहाण नि जायफळ दे गो परत. माझ्या बायकोचं हाय ते."

ती खाली बसली. म्हणाली, "नेताय तर न्या. पण उगाळणार तुम्ही नि पिणार पण तुम्हीच. आपल्या हाताचा गुण आपल्याला लागतो काय, भावोजी?"

लागत नाही, हे मलाही ठाऊक होतं. ओकून आलो होतो.

"मग तिनं तुलाच का दिलं? सून होती घरात."

मेव्हणीनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "ताई बोलली, घरात ठेवलं तर हे दार लावून बसतील, वाटी आत मागतील. तुझ्याकडं असलं म्हणजे झोपेसाठी तरी उठून रोह्याला येतील."

साडू कधी जागा झाला होता कोण जाणे. पडल्या पडल्याच बोलला, "पाट हाय दुसरा. भांडायचं ते आडवं होऊन भांडा."

मेव्हणीनं सहाण आणली. मधोमध खळगा पडलाय तीच, माझ्या बायकोच्या हातानं पडलेला. थोडे वळसे घेतले, वाटी पुढे केली. चव तीच होती. त्याचाही राग आला. तीच चव हा माणूस रोज घेतो. पण दिवे लागेपर्यंत मी त्या ओटीवर मेल्यासारखा झोपलो, आणि उठलो तेव्हा छाती गप्प होती.

आता दर आठवड्याला जातो. जाताना मोरीजवळची ब्राह्मी ओल्या फडक्यात गुंडाळून नेतो, मेव्हणी तिचं तेल काढते. बायकोनं मला माणसांत ठेवायची सोय केली, कबूल आहे. पण मला आठवड्याला एक वाटी आणि साडूला रोज, हा कुठला न्याय? जाताना तिनं एवढा विचार केला, तर एवढाही करायचा होता.

त्यात मला दिलेला पाट आखूड आहे, मान अवघडते. साडूचा चांगला रुंद आहे. पुढच्या खेपेला सकाळच्या गाडीनं जाणार आहे. त्याचं जेवण होण्याआधी तो पाट माझ्या उशाला असेल.